कोंडाणे लेण्याच्या दारात

डोक्यावरून एकदा हात फिरवून घ्या. संध्याकाळपर्यंत तिथे एकही केस उरणार नाही.

चपला कर्जत स्टेशनवर सोडा. घड्याळ खिशात टाका आणि खिसाही विसरा, पुढच्या मुक्कामी खिसे नसतात. कोंदिवड्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या रानात पाऊल टाकलं की एकेका वळणाला काही शतकं मागे पडतील. आधी आगगाडीची शिट्टी जाईल, मग विजेच्या तारा, मग पेशवे, पोर्तुगीज, शिलाहार. तुम्ही थांबाल तेव्हा इसवी सन सुरू व्हायचा असेल.

सोबत एक प्रश्न घ्या. आयुष्य धर्माला वाहिलेल्या माणसाने लग्न करू नये, अशी सक्ती असावी का? रोमन कॅथलिक चर्चमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ यावर वाद झडतोय आणि तो अजून मिटलेला नाही. आज हा प्रश्न अंगाने, पोटाने आणि अनवाणी पायांनी समजून घेऊ. कर्जतच्या रानात त्यासाठी जागा तयार आहे.

ज्येष्ठ महिना आहे. ऊन वरून पडतंय आणि तापल्या कातळातून पुन्हा वर येतंय. उल्हास नदीच्या पात्रात डबकी उरलीत, त्यांत म्हशी नाकापर्यंत बुडाल्यात. करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर झाल्यात. एक तोंडात टाका, चीक ओठांना चिकटेल. अरे, बाजूला सरा! बैलांचा तांडा येतोय. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून निघालेला माल घाट चढून देशावर, पैठण आणि तेरच्या बाजारांकडे चाललाय. पलीकडे खालापूरच्या अंगाला, पाताळगंगेच्या खोऱ्यातूनही असेच तांडे बोरघाटाच्या पायथ्याला भिडतात. मिठाचे थैले बैलांच्या पाठींवर घासतायत. शेण, घाम आणि वाटेत फुटलेल्या तेलाच्या मडक्याचा वास एकत्र होऊन घशात बसतो. एक हाकाऱ्या ओरडतोय, एक बैल ऐकत नाहीये, आणि धुळीमुळे दोघंही तुम्हाला दिसत नाहीत.

या धुळीतून चढून वर या. आवाज ऐकू येतोय? टण्, टण्, टण्. डोंगराच्या पोटात लेणं खोदलं जातंय. हवेत दगडाची भुकटी आहे, दात एकमेकांवर टेकवलेत की कचकच वाजेल. झाडाखाली लोहार भाता ओढतोय आणि बोथट झालेल्या छिन्न्या लाल करून पाजळतोय. वर बांबूच्या परांचीवर माणसं बसलीत. त्यांच्या पाठींवर घामाचे ओघळ आहेत आणि ओघळांत दगडाचं पीठ.

मान वर करा. केवढी ती पिंपळपानी कमान! खालच्या गावातल्या लाकडी घरांत जे जे असतं, तुळया, वासे, कठडे, जाळ्या, ते सगळं या कारागिरांनी कातळातून काढलंय. दर्शनी भागावर एका भव्य आकृतीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मीत एक ओळ कोरलेली राहील: कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं, अशा अर्थाची. तुमच्या काळातले अभ्यासक ती वाचतील. आत्ता बालक त्या परांचीवरच्या माणसांतला एक आहे आणि त्याला बहुधा तहान लागलीय.

आता कमानीच्या बाजूचे चौकोन बघा. त्यांत स्त्रीपुरुषांच्या जोड्या नाचतायत. कमरेत वळलेली, दागिन्यांनी लगडलेली, एकमेकांत रमलेली जोडपी, ज्यांना बाईला स्पर्श करायचीही मुभा नाही अशा भिक्खूंच्या प्रार्थनागृहाच्या दारावर! तुम्ही चमकलात, पण इथे कोणी चमकत नाही. पुढे घाटावर कार्ल्याच्या चैत्यगृहातही अशी युगुलं कोरली जातील आणि त्यांतल्या एका कोरीवकामाचा दाता म्हणून भदसम या भिक्खूचंच नाव शिलालेखात राहील. लग्न न करणाऱ्या माणसाने दगडातल्या जोडप्यासाठी दान दिलं. हे लक्षात ठेवा. संसार ही वाईट गोष्ट आहे असं मानून ही माणसं इथे आलेली नाहीत.

तुम्हाला भिक्खू व्हायचंय ना? मग बसा त्या दगडावर.

वस्तरा थंड आहे. पहिली ओढ कपाळाकडून मागे जाते आणि वाऱ्याची झुळूक टाळूला लागते, लहानपणानंतर पहिल्यांदाच. केस मांडीवर पडतात, मानेत शिरतात, खाजतात. शेजारी चुलीवर मोठ्या मडक्यात झाडांच्या सालींचा काढा रटरटतोय आणि त्यात कापड बुडतंय. उग्र, तुरट वास. तेच तुमचं चीवर. ते एकसंध नाही, तुकडे जोडून शिवलंय. भातखाचरांचे बांध असतात त्या नमुन्यावर ते शिवायचं, असा नियमच आहे. कर्जतच्या माणसाला हा नमुना वेगळा शिकवावा लागत नाही, तो दारातूनच दिसतो.

आता परीक्षा. मगधाकडच्या मध्यदेशात पूर्ण दीक्षेसाठी दहा भिक्खू लागतात. आपण त्या देशाबाहेरचे, आपल्याला पाच पुरतात. पाचही जण सीमा आखलेल्या जागेत बसलेत. पण थेट त्यांच्यासमोर तुम्हाला उभं करत नाहीत. एक भिक्खू आधी बाजूला नेतो आणि हलक्या आवाजात सांगतो की आत अमुक अमुक विचारतील, असेल ते खरं सांग. पूर्वी उमेदवार सगळ्यांदेखत प्रश्न ऐकून लाजायचे, गोंधळायचे, त्यांची वाचा बसायची. म्हणून ही सोय झाली. हे बाजूला नेणं आठवणीत ठेवा, या संघाचा स्वभाव त्यात आहे.

मग संघासमोर. तुला कुष्ठ आहे का? गळवं, कोड, क्षय, अपस्मार? तू कोणाचा दास आहेस का? कोणाचं देणं आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? वीस वर्षं पुरी झाली का? (वय कमी पडत असेल तर आईच्या पोटातले महिनेही धरतात.) पात्र आणि चीवर आहे का? आणि तो प्रश्न, ज्यावर बरेच जण आवंढा गिळतात: आईबापांनी परवानगी दिली का?

या प्रश्नामागे एका आजोबांचं दुःख आहे. बुद्धांनी घर सोडलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी, शुद्धोदनाने, सोसलं. दुसरा मुलगा नंद गेला तेव्हाही सोसलं. लहानगा नातू राहुल गेला तेव्हा मात्र तो म्हातारा कळवळला आणि मुलाकडे मागणं घेऊन आला: यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कोणाचं पोर घेऊ नका. बुद्धांनी ते मान्य केलं आणि नियम झाला.

तुमचं नाव तीनदा पुकारलं जातं. ज्याची हरकत असेल त्याने बोलावं, ज्याची नसेल त्याने गप्प राहावं. कोणी बोलत नाही. झालं! पण जागचे हलू नका. एक भिक्खू पुढे येऊन जमिनीवरची तुमची सावली मोजतो. दीक्षेची वेळ ठरवायची ही रीत आहे. या सावलीवरून तुमची ज्येष्ठता ठरेल. ज्याची दीक्षा तुमच्याआधी झाली त्याला तुम्ही ‘भन्ते’ म्हणायचं, मग तो वयाने तुमच्या नातवाएवढा का असेना.

लगेच दोन याद्या ऐकवतात. पहिली: कशावर जगायचं. मिळेल ती भिक्षा, टाकलेल्या चिंध्यांचं वस्त्र, झाडाखालची जागा, औषधाला गोमूत्र. दुसरी: काय कधीच करायचं नाही. संभोग, चोरी, मनुष्यहत्या आणि अंगी नसलेल्या सिद्धीचा खोटा दावा. यातलं एक जरी झालं तरी भिक्खूपण संपलं. यालाच पाराजिका म्हणतात आणि संभोग हा त्यांतला पहिला.

रात्री विहारात या. चौकोनी मंडप, बाजूंना खोल्या, खोलीत दगडी ओटा. तोच पलंग. दिवसभर तापलेला कातळ उष्णता सोडतोय. तिळाच्या तेलाचा दिवा, जळत्या वातीचा वास, वटवाघळांची चीं चीं. थोरले भन्ते पहिल्या नियमाची हकीकत सांगू लागतात.

वैशालीजवळच्या कलंद गावात सुदिन्न नावाचा श्रीमंत घरचा मुलगा होता. आईबाप परवानगी देईनात, म्हणून तो जेवण सोडून पडून राहिला आणि शेवटी भिक्खू झाला. पुढे दुष्काळ पडला आणि तो भिक्षेसाठी गावी आला. घरच्यांनी सोन्यानाण्याची रास दाखवली. तो बधला नाही. तेव्हा आई म्हणाली की बाबा, निदान वंशाला बीज तरी दे, नाहीतर आपलं सगळं राज्यकर्ते लिच्छवी घेऊन जातील. तोपर्यंत असा नियम झालेला नव्हता. सुदिन्न आपल्या पूर्वीच्या बायकोबरोबर राहिला. मुलगा झाला, त्याचं नाव बीजक. आणि सुदिन्न पश्चात्तापाने असा वाळला की अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. सोबत्यांनी विचारलं, त्याने सगळं सांगितलं, बुद्धांपर्यंत गेलं, आणि नियम उभा राहिला.

ऐकताना पोटात काहीतरी हललं ना? ब्रह्मचर्याचा पहिला भंग कामवासनेने झालेला नाही. तो नातवासाठी पदर पसरणाऱ्या आईमुळे झाला. ‘वंशाला दिवा’ हे शब्द ज्या घरांत अजूनही उच्चारले जातात त्या घरांतून आलेल्या आपल्याला ती आई परकी वाटत नाही.

हकीकत इथे संपत नाही. पुढे वज्जींच्या देशातल्या काही भिक्खूंनी नियम मोडला, हाल झाले तेव्हा परत आले आणि पुन्हा दीक्षा मागू लागले. त्यावर जो निवाडा झाला तो नीट ऐका, हा सगळा प्रवास त्यासाठीच आहे. ज्याने भिक्खूपण न सोडता, आपली दुर्बळता कोणाला न सांगता, चीवराच्या आड संभोग केला, त्याला पुन्हा घेऊ नये. ज्याने आधी उघडपणे सांगितलं की मला हे पेलत नाही, भिक्खूपण सोडलं आणि मग संसार केला, तो परत आला तर त्याला पुन्हा दीक्षा द्यावी.

झोपा आता. दगड पाठीला टोचेल. सवय होईल.

सकाळ. पात्र चीवराखाली धरा, नजर चार हात पुढे जमिनीवर ठेवा, गावात चला. मागायचं नाही, दारात फक्त उभं राहायचं. उखळात मुसळ धपधप पडतंय, शेणाने सारवलेलं अंगण ओलं आहे, चुलीचा धूर कुडाच्या भिंतीतून झिरपतोय. एक बाई बाहेर येते, कडेवर पोर, मनगटापर्यंत पीठ. पात्रात गरम भात पडतो. पुढच्या घरी उडदाचं वरण, त्याच भातावर. पुढे नाचणीची भाकरी, मग थोडं ताक, तेही त्यातच. मिरची शोधू नका, ती अजून दुसऱ्या खंडात आहे. सगळं एकत्र कालवून सूर्य माथ्यावर यायच्या आत खायचं. त्यानंतर उद्या सकाळपर्यंत काही चावायचं नाही. संध्याकाळी पोटात कावळे ओरडतील तेव्हा त्या भाताचा वास तुम्हाला आठवेल आणि तो वाढणारा हातही.

तुमचं ब्रह्मचर्य त्या हातावर उभं आहे. तिने पहाटे उठून कांडलं, दळलं, रांधलं. तिचा नवरा शेतात राबला. त्यांच्या संसारातून उरलेला घास तुमच्या पात्रात आला. लेण्यातल्या प्रत्येक अविवाहित माणसामागे खाली गावात अशी चार विवाहित घरं आहेत. म्हणूनच त्या घरांना तुमच्यावर हक्कही आहे. विनयात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, हा हक्क लिहिलेला आहे. भिक्खू उदायी एका तरुण विवाहित मुलीबरोबर आडोशाला एकटा बसलेला विशाखा या उपासिकेने पाहिला. तिने त्याला तोंडावर सुनावलं. त्याने ऐकलं नाही, तेव्हा तिने ते इतर भिक्खूंना सांगितलं. त्यातून नियम झाला: विश्वासू उपासिकेने भिक्खूला बाईबरोबर एकांतात पाहिलं आणि तसं सांगितलं, तर संघाने तिच्या शब्दावरून त्याची चौकशी करायची. गावातली बाई बोलली तर ते गप्पाटप्पा म्हणून सोडून द्यायचं नाही.

आज ती बाई भात वाढता वाढता तुम्हालाच गळ घालते: भन्ते, तुम्ही दहा घरं फिरता, माझ्या धाकट्यासाठी स्थळ असेल एखादं? हसू येतं ना? पण बोलू नका. स्थळं जमवणं भिक्खूला मना आहे. तोही नियम उदायीमुळेच झाला. त्याने जमवलेल्या एका लग्नात मुलीचे हाल झाले, सासरी तिला दासीसारखं राबवलं आणि तिच्या माणसांनी उदायीला बोल लावले.

आता आषाढ. पाऊस असा कोसळतो की लेण्याच्या तोंडावरून पाण्याचा पडदा पडतो आणि बाहेरचं जग त्या पडद्यामागे हिरवं, थरथरतं दिसतं. वर्षावास सुरू झाला. भर पावसात भिक्खू हिंडतात आणि कोवळं गवत, पिकं, किडामुंगी तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून तीन महिने एका जागी राहायचं ठरलं. गावातल्यांनी कुरकुर केली आणि संघाने आपली रीत बदलली, हे इथेही दिसतं.

तीन महिने एका छताखाली. चीवर वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. भिंतींना बोट लावलं की ओलं होतं. ओट्याखाली खेकडा, कोपऱ्यात विंचू, कानाशी डास. खालच्या खाचरांत लावणी चाललीय आणि बायकांची गाणी पाण्याच्या आवाजातून तुटक तुटक वर येतात. तुम्ही तरुण आहात. रात्री दगडावर पडल्यावर ती गाणी पुन्हा ऐकू येतात. कोणाचा तरी हात, कोणाचं तरी हसणं, तुमच्या घरातलं कोणीतरी. शेजारच्या ओट्यावरचा भिक्खूही कूस बदलतोय. लाजू नका. हे होणार हे नियम करणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून तर इतके नियम आहेत.

पंधरवड्याच्या उपोसथाला सगळे जमतात. एक जण नियमांचं पठण करतो आणि प्रत्येक भागाअखेर विचारतो की यात आपण शुद्ध आहोत ना. तीनदा. तुम्ही मान खाली घालून बसलाय. शेजारचा तो कूस बदलणारा भिक्खू आज उठतो, थोरल्यांकडे जातो आणि म्हणतो: भन्ते, मला हे पेलत नाही. मी भिक्खूपण सोडतो.

तुमचा श्वास अडकतो. आता काय होणार? आरडाओरडा? शिव्या? गावात दवंडी?

काही नाही. कळणाऱ्या एका माणसासमोर स्पष्ट शब्दांत सांगितलं की पुरे. तो चीवर उतरवतो, पांढरं वस्त्र नेसतो, पात्र परत करतो. पायवाट निसरडी आहे म्हणून कोणीतरी त्याच्या हातात काठी देतो. तो खाली उतरतो. उद्या त्याच गावातून तो तुम्हाला भिक्षा वाढताना दिसेल, आणि कधी त्याचं मन पुन्हा वळलं तर हीच पायवाट त्याला वर घेऊन येईल.

इथल्या शिस्तीची ही दुसरी बाजू आहे. नियम कडक, आत येताना पंधरा प्रश्न, पण बाहेर जायला एक वाक्य. रोज सकाळी उठून इथे राहणारा माणूस त्या दिवशीही राहायचं ठरवूनच राहिलेला असतो. त्याच्या ब्रह्मचर्याला त्यामुळे किंमत आहे.

पण एक गोष्ट मला सलते आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. त्या प्रश्नांच्या यादीत आईबाप आहेत, सावकार आहे, राजा आहे. बायको नाही. पुरुष घर सोडून निघाला तर तिला विचारलंच पाहिजे असं पाली विनयात कुठे नाही. बाईला भिक्षुणी व्हायचं असेल तर मात्र आईबापांबरोबर नवऱ्याचीही परवानगी लागते. सुदिन्नाच्या बायकोचं नावसुद्धा आपल्यापर्यंत आलेलं नाही. पुढे ती आणि बीजक दोघंही घर सोडून अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाली असं ग्रंथ सांगतो, तरी ती ओळखली जाते बीजकाची आई म्हणून. आपल्याच रायगडात, कुड्याच्या लेण्यात, पदुमनिका नावाची भिक्षुणी दान देताना स्वतःची ओळख भिक्षुणी नागनिकेची मुलगी अशी कोरून ठेवते. मागे सोडलेलं नातं तिने लपवलं नाही, दगडावर मिरवलं. पुरुषांच्या नियमपुस्तकात न मावलेली ही माणसं शिलालेखांत अशी अधूनमधून भेटतात.

चला, परत फिरू. पाऊस मागे पडेल, तांडे मागे पडतील, कोंदिवड्याची एसटी दिसेल. आणलेला प्रश्न आता जड झालाय.

कॅथलिक परंपरेतही सुरुवातीला लग्न झालेले धर्मगुरू होते. पीटरला सासू होती आणि येशूने तिचा ताप बरा केला, हे शुभवर्तमानातच आहे. हळूहळू पश्चिमेकडे नियम आवळत गेला आणि ११३९ साली लॅटरनच्या दुसऱ्या धर्मसभेने धर्मगुरूंची लग्नं रद्दबातल ठरवली. त्याआधी १०२२ मध्ये पाविया इथल्या सभेने तर धर्मगुरूंच्या मुलांना चर्चचे दास ठरवलं होतं. चर्चची मालमत्ता वारसांत वाटली जाऊ नये ही त्यामागची एक मोठी चिंता होती. वाद बापांचा, किंमत मोजली मुलांनी. हे वाचताना मराठी माणसाला आळंदी आठवेल. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूने परत संसारात पाठवलं आणि समाजाने परतीची वाट नाकारली. प्रायश्चित्त आईबापांच्या वाट्याला आलं, आणि वाळीत टाकलेपण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार पोरांच्या.

आज लॅटिन परंपरेतल्या कॅथलिक धर्मगुरूला लग्न करायचं असेल तर पोपकडून मुक्तता मिळवावी लागते आणि ती मिळाली की धर्मगुरूचं काम सुटतं. पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक परंपरांत मात्र विवाहित पुरुष धर्मगुरू होतात, म्हणजे ही अट श्रद्धेचा गाभा नाही, शिस्तीचा भाग आहे, हे चर्चही मानतं. २०१९ मध्ये अॅमेझॉनविषयीच्या धर्मसभेत बहुसंख्यांनी सुचवलं की दूरच्या जंगलात जिथे महिनोन्‌महिने धर्मगुरू पोहोचत नाही, तिथे योग्य विवाहित माणसांना दीक्षा द्यावी. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पत्रात ती वाट उघडली नाही.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. बायकापोरांची ओढ नसलेला माणूस कुठेही जाऊ शकतो, साथीच्या रोगात घरोघर फिरू शकतो, वारसांसाठी काही साठवत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं मराठीने पाहिलीत. धर्मगुरू, लेखक, हरित वसईसाठी लढणारे, धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत हाच सवाल वेगळ्या रीतीने मांडला: भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? सेवेसाठी एकटं राहणं ज्याला जमतं त्याचं राहणं समाजाला खूप काही देऊन जातं.

पण तुम्ही कोंडाण्यात राहून आलाय. तिथे एकटं राहणं हीच निवड होती, तीच करायला माणूस डोंगर चढला होता. मठात राहणाऱ्या कॅथलिक संन्याशाचंही तसंच आहे. गावातल्या चर्चमध्ये लोकांची लग्नं लावणारा, बारसं करणारा, मयताला धीर देणारा धर्मगुरू निघालेला असतो वेगळ्या कामासाठी, आणि ब्रह्मचर्य त्या कामाला अट म्हणून जोडलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे. चर्चने ब्रह्मचर्य जपावं, ज्याने ते मागून घेतलं त्याच्यासाठी. गावच्या प्रत्येक धर्मगुरूवर ते कायद्याने घालू नये. ज्याला पेलत नाही त्याला मानाने सांगता यावं, जाता यावं आणि मन झालं तर सेवेत परतताही यावं. नाहीतर माणूस चीवराच्या आड जगायला शिकतो, आणि त्या आडोशात सगळ्यात आधी चिरडली जातात ती बाई आणि मूल.

म्हणून हा वाद पुन्हा कानावर आला तर नियम किती जुना, किती पवित्र, यावर अडून बसू नका. त्या नियमाखालच्या माणसाला खरं बोलायची सोय आहे का, ते आधी विचारा. पात्रात घास वाढणाऱ्या बाईचा शब्द ऐकला जातो का, तेही विचारा. आणि जिला कोंडाण्यातही कोणी विचारलं नव्हतं, त्या बायकोला या वेळी प्रश्नांच्या यादीत जागा द्या.